पुण्यात एकच शनिवार आहे, सोबत आई-बाबा आणि मुलगी. प्लान बघून सांगा

अंबानगरीकर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न आहे पुण्याला, शुक्रवारी. परतीची गाडी शनिवारी रात्री पुणे स्टेशनवरून, म्हणजे शनिवार आख्खा मोकळा. आम्ही अमरावतीहून येणारे चौघं. आई (गुडघे गेलेत, जिने नको, पण सपाटीवर बसत-उठत चालते), बाबा (रिटायर्ड मास्तर, इतिहास शिकवायचे, कुठेही पाटी दिसली की पूर्ण वाचल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही), मी, आणि माझी १२ वर्षांची कन्या जिला फक्त शनिवारवाड्यातलं भूत बघायचंय, रील्सची कृपा.

माझी यादी अशी: शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ, केळकर म्युझियम, पर्वती, आगाखान पॅलेस, सारसबाग, खडकवासला, सिंहगड, संध्याकाळी एफसी रोड. दिराचं म्हणणं दिवसभराची गाडी केली तर सगळं होते. होते का खरंच?

खायचं म्हणाल तर मिसळ, मस्तानी, बाकरवडी आणि एक चांगली मराठी थाळी. यात दोन घोळ आहेत. आईचा शनिवारचा उपवास असतो, तो ती संध्याकाळी सोडते आणि लग्नाच्या गडबडीतही मोडणार नाही. आणि बाबांनी कुणाकडून तरी ऐकलंय की पुण्याची मिसळ गोड असते, तेव्हापासून ते "आपण घरूनच ठेचा नेऊ" म्हणून राहिले. सांगा बाप्पा काय ते.

पेठेतला_भोचक

सिंहगड, खडकवासला, पर्वती आणि आगाखान एका दिवसात नक्की होतं. सगळं गाडीच्या काचेतून बघायचं असेल तर.

दिराला एकदा शनिवारी संध्याकाळी सिंहगड रोडला गाडी चालवायला द्या, पुन्हा प्लान देणार नाही.

शनिपारकर

ताई, भोचकबुवांचं मनावर घेऊ नका, पण म्हणतात ते बरोबर आहे. सिंहगड आणि खडकवासला आत्ताच्या आत्ता यादीतून काढा, त्यांचा स्वतंत्र दिवस असतो. पर्वती पण काढा. शंभराच्या वर पायऱ्या आहेत, रुंद आणि बेताच्या असल्या तरी गुडघेवाल्या माणसाचं काम नाही. बाबांना वाईट वाटेल कारण नानासाहेब पेशवे पानिपतानंतर १७६१ मध्ये तिथेच गेले, पण इलाज नाही.

आता उरलं ते बघा. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, तुळशीबाग, मंडई, विश्रामबागवाडा, केळकर हे सगळं शिवाजी रोड आणि बाजीराव रोड या दोन रस्त्यांच्या आजूबाजूला आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड-दोन किलोमीटर फार तर. यात गाडी करणं म्हणजे निव्वळ डोक्याला ताप, पार्किंग मिळत नाही, वन-वे मुळे समोर दिसणाऱ्या ठिकाणी जायला वळसा पडतो आणि ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी फोन करून कुठे आहात विचारतो. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून थेट पेठांमध्ये आलीये, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्टेशनं आहेत. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे. आईंना एका स्टेशनला उतरवा आणि दिवस दुसऱ्या स्टेशनकडे सरकत जाऊ दे.

सुरुवात कसबा गणपतीपासून करा. ग्रामदैवत आहे, पुण्यातलं काहीही तिथून सुरू करायचं असतं, मंदिर लहानसंच आहे, सकाळी गर्दी नसते. तिथून लाल महाल हाकेच्या अंतरावर. बाबांना आधीच सांगून ठेवा की आत्ता जी इमारत दिसते ती १९८० च्या दशकात महापालिकेने बांधलेली आहे, शहाजीराजांच्या वेळचा वाडा नाही. नाहीतर आत जाऊन सिमेंट दिसलं की मास्तर लोक चिडतात. पण ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाहिस्तेखानाची बोटं छाटली गेली ती याच परिसरात, तेवढं डोक्यात ठेवून पाच-दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

मग शनिवारवाडा. पायाभरणी झाली १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, आणि तुम्ही पण शनिवारीच जाताय. आत गेल्यावर "एवढंच?" असं होणार, सगळ्यांचं होतं. १८२८ ला मोठी आग लागली त्यात लाकडी इमले सगळे गेले, आता राहिलेत ते तट, दरवाजे, जोती आणि बाग. त्यामुळे वाडा बघायला म्हणून जाऊ नका, दिल्ली दरवाजा बघायला जा. दाराला हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर लोखंडी खिळे ठोकलेत, ते मुलीला दाखवा आणि कशासाठी असतील असं विचारा, भुतापेक्षा जास्त वेळ त्यात जाईल. तट खाली दगडाचा आणि वर विटांचा दिसतो. दगडी किल्ला बांधायचा अधिकार फक्त छत्रपतींचा, असा आक्षेप साताऱ्याहून आला म्हणून वर वीट आली असं सांगतात. दरवाज्यावरच्या नगारखान्यात जायला जिना उंच आहे, आईंना खाली झाडाखाली बसवा. आत सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं आहे, पाणी चालू असलं तर नशीब.

वाड्यातून बाहेर आलात की लगेच रिक्षा शोधू नका, शेजारीच नानावाडा आहे. नाना फडणवीसांचा, १७८० च्या सुमाराचा. बहुतेक लोक शनिवारवाड्यासमोर सेल्फी काढतात आणि याच्याकडे पाठ करून निघून जातात. सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब, कमानी, पेशवाईतलं घर आतून कसं दिसायचं ते इथे कळतं कारण इथे लाकूड शिल्लक आहे. आत जाता येतंय का ते त्या दिवशी दारावर विचारा.

पुढचं दुपारी लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

रिकामटेकडा_०७

शनिवारवाडा स्किप करा सरळ. तिकीट काढून गवत बघायचं. तेवढ्या वेळात दोन मस्तान्या होतील.

दगडमाती

@रिकामटेकडा, गवताखाली जोती आहेत, ती वाचता आली पाहिजेत. १७ नोव्हेंबर १८१७ ला याच वाड्यावरचं निशाण उतरून इंग्रजांचं चढलं. ज्या माणसाने इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं त्याला तुम्ही मस्तानी पाजून गप्प बसवणार का.

असो. मी वेगळ्याच गोष्टीसाठी आलोय. ताई, तुमच्या यादीत त्रिशुंड गणपती नाही आणि इथेही अजून कुणी नाव घेतलं नाही, जे पुणेकरांच्या स्वभावाला धरूनच आहे कारण निम्म्या पुणेकरांनी तो पाहिलेलाच नसतो. सोमवार पेठेत आहे, नागेश्वर मंदिराच्या जवळ. कसब्यातून रिक्षाने पाच-सात मिनिटं. १७५४ ला भीमगिरजी गोसावी यांनी बांधायला घेतलं, १७७० ला गणपतीची स्थापना झाली. पुण्यातली पेशवेकालीन मंदिरं सहसा साधी असतात, लाकडी सभामंडप, चुन्याचा कळस वगैरे. हे पूर्ण काळ्या दगडात कोरलेलं आहे आणि दर्शनी भिंतीवर एवढं काही आहे की अर्धा तास कमी पडतो. द्वारपाल आहेत, गजलक्ष्मी आहे, झुंजणारे हत्ती आहेत, आणि खालच्या बाजूला एक गेंडा साखळदंडाने बांधलेला आहे आणि त्याला बांधणारे आहेत इंग्रजी टोपीवाले शिपाई. पुण्याच्या देवळावर गेंडा! प्लासीनंतर बंगाल आणि पूर्वेकडचा मुलुख कंपनीच्या ताब्यात गेला त्याचं हे चित्र असावं असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. म्हणजे पेशवे जागेवर होते, पुण्यात इंग्रजांचं राज्य यायला अजून पन्नास वर्षं होती आणि एका पाथरवटाने आधीच दगडावर बातमी लिहून ठेवली होती. गाभाऱ्यात गणपती तीन सोंडांचा, सहा हातांचा, आणि उंदराऐवजी मोरावर बसलेला. भिंतीवर संस्कृत आणि फारसी दोन्ही लेख आहेत, बाबांना पाट्या आवडतात ना, ही घ्या पाटी. खाली तळघर आहे, त्यात पाणी असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात. दर्शनाला फार चढउतार नाही, आईंना त्रास होणार नाही.

लाल महाल गाळा आणि हे घाला. भांडायचं असेल त्याने खुशाल भांडावं.

शनिपारकर

दगडमाती यांच्याशी भांडत नाही, त्रिशुंड घालाच. सकाळी आधी तिथे जा आणि मग कसब्यात या, उन्हाच्या आत होईल.

आता दुपारचं. शनिवारवाड्याकडून शिवाजी रोडने सरळ खाली आलात की दगडूशेठ. शनिवार म्हणजे गर्दी असणार, पण रस्त्यावरून सुद्धा मूर्ती दिसते, आईंना रांगेत उभं करू नका. आणि दर्शन झालं की पाठ वळवून रस्त्यापलीकडे बघा. तिथे भिडे वाडा होता, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ ला मुलींची शाळा काढली तो. इमारत २०२३ च्या डिसेंबरात पाडली, स्मारक व्हायचंय. बघायला काही नसलं तरी बाराची मुलगी सोबत असताना ती जागा न दाखवता पुढे जायचं म्हणजे काय.

पुढे तुळशीबाग. लोकांना वाटतं तुळशीबाग म्हणजे क्लिपा, कानातली आणि घासाघीस. बाजाराच्या मधोमध राममंदिर आहे, नारो आप्पाजी खिरे यांनी १७६३ च्या सुमारास काम सुरू केलेलं, आत शिरलं की बाहेरचा कलकलाट एकदम कमी होतो. आईंना तिथे टेकू द्या, तेवढ्यात तुम्ही दोघी बाजार करा. पितळी भातुकली मिळते, ती घ्या, बाकीचं अमरावतीला पण मिळतं. मंडई लागूनच आहे. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याखाली अजूनही भाजीचे गाळे. १८८५-८६ ला बांधली तेव्हा लॉर्ड रे यांच्या नावाने होती. नगरपालिकेत असताना फुल्यांनी एवढा पैसा मंडईवर घालायला विरोध केला होता, तो शिक्षणावर घाला म्हणाले, आणि आता मंडईला नाव त्यांचंच आहे. हे बाबांना सांगा, आवडेल.

विश्रामबागवाडा बाजीराव रोडवर, दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. पुढची सागवानी नक्षीची गॅलरी रस्त्यावरून नीट दिसते, बस जात असते तेव्हा पण. इंग्रजांनी १८२१ ला इथे संस्कृत पाठशाळा काढली, तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली. आणि मग शेवटी केळकर संग्रहालय, याच रस्त्याने थोडं पुढे. यासाठी दोन तास हातात ठेवा आणि दुपारी उन्हाच्या वेळीच ठेवा. एका माणसाने, दिनकर केळकरांनी, मुलगा लहानपणी गेला त्याच्या नावाने आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तू आहेत, वीस हजारांच्या आसपास. सगळ्या मांडलेल्या नसतात. तलवारी थोड्या, घरातल्या वस्तू जास्त. अडकित्ते, दिवे, कुलपं, पानाचे डबे, वाद्यं, फण्या, वज्ऱ्या. नुसत्या अडकित्त्यांमध्ये मोर, घोडे, जोडपी काय वाट्टेल ते आहे. १९७५ ला त्यांनी सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. कोथरूडचा मस्तानी महाल पण काढून आणून इथे उभा केलाय, भूत सोडा आणि मुलीला हे दाखवा. मजले चढायचे आहेत, आईंनी तळमजला बघून बसावं.

फोडणीचा_भात

चला आता खरा विषय.

बाबांनी ऐकलंय ते चुकीचं नाही. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकर आहे, १९४८ चं, मिसळीला अंगचा थोडा गोडवा आहे, सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. मला प्रचंड आवडते पण वऱ्हाडी माणसाला पहिल्या घासाला वाटेल की साखर पडली की काय. ठेचा नेला तर तिथले लोक बघतील तुमच्याकडे, तरी न्या. तिखटच हवी असेल तर काटा किर्र आहे कर्वे रोडच्या बाजूला, कोल्हापुरी वळणाची, पण रांग लांब असते आणि तुमच्या रस्त्यात नाही. मधला मार्ग म्हणजे तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भवन. जागा छोटी, बसायला अनोळखी माणसाच्या टेबलावर जागा मिळाली तर बसायचं, लाजायचं नाही. तुम्ही तुळशीबागेत असणारच आहात, तिथेच उरका.

आईंच्या उपवासाचं काही टेन्शन घेऊ नका. पेठांमध्ये शनिवारी साबुदाणा खिचडी नाही असं उपाहारगृह शोधावं लागेल. काही ठिकाणी उपवासाची मिसळ पण असते, बटाट्याची भाजी, साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी, वरून बटाट्याचा चिवडा. आमच्या आईचं मत ती खाऊन उपवास घडत नाही, पण पुण्य ज्याचं त्याने बघावं. मस्तानी मात्र दूध आणि आइस्क्रीम, चालत असेल तर सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता. केळकर संग्रहालयातून निघून तिथे जा, चार-साडेचारला. एक ग्लास दोघांत घ्या, वरचा आइस्क्रीमचा गोळा संपेपर्यंत पोट भरतं. सीझन असेल तर आंबा, नसेल तर पिस्ता. बाकरवडी बाजीराव रोडच्या चितळ्यांकडे, रस्त्यातच आहे. दुपारी दुकान बंद असण्याचा विनोद आता जुना झाला, कृपया काउंटरवर करू नका, त्यांनी तो ऐकलेला आहे.

थाळी दुपारी खाऊच नका. आई उपाशी आणि तुम्ही आमरस-पुरी हाणताय हे बरं दिसत नाही. रात्री सगळ्यांनी मिळून बसा. आपटे रोडला श्रेयस, मसालेभात, अळूची भाजी, मोदक, शांतपणे वाढतात, म्हाताऱ्या माणसांना घाई करत नाहीत. टिळक रोडचं दुर्वांकुर पण चांगलं आहे, स्वस्त पडतं पण शनिवारी रात्री बाहेर गर्दी. बादशाही तुमच्यासाठी नाही, नाव लिहून ताटकळावं लागतं. आणि हो, सकाळी एका तरी अमृततुल्यमध्ये उभ्याने चहा प्या. पितळी पातेल्यात साखर-दूध सगळं एकत्र उकळलेला, वेलची-आलं खलबत्त्यात कुटून. हॉटेलातला टीबॅगवाला पिऊन दिवस सुरू करू नका.

लष्करकर

पुणं म्हणजे फक्त नदीच्या अलीकडच्या पेठा हा समज कधी जाणार? कॅम्पात काही नाहीच वाटतं. ईस्ट स्ट्रीटची कयानी बेकरी १९५५ ची, श्रूजबेरी बिस्किटं घ्या, रेल्वेत खायला बाकरवडीपेक्षा बरी, चुरा होत नाही. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं. दुपारी मधे बंद असते (हो, आम्हीपण पुणेकरच).

आणि बाबा इतिहासाचे मास्तर असतील तर आगाखान पॅलेस का काढताय सगळे? १८९२ ची इमारत, गांधीजी ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ तिथे कैदेत होते, महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला तिथे गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. सपाट, झाडी, बाकं. आईंना तर तिथेच सगळ्यात बरं वाटेल.

शनिपारकर

काढा असं मी म्हणालो नव्हतो, माझ्या डोक्यात पेठाच होत्या. घालायचं असेल तर पहिल्यांदा घाला. नऊला उघडतं. कल्याणीनगर मेट्रो स्टेशनहून रिक्षा, परत मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे लाइन बदलून कसबा पेठ. पण मग त्रिशुंड किंवा केळकर यातलं एक घाईत होणार. चारही ठिकाणी बाबा पाट्या वाचणार आहेत हे धरून चाला.

अंबानगरीकर

धन्स हो सगळ्यांना, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. बाबांना धागा वाचून दाखवला. त्यांनी आगाखान स्वतःच बाजूला ठेवला, म्हणे तिथे घाईत जायचं नाही, त्यासाठी पुन्हा येऊ. गेंडा मात्र पक्का. दोनदा विचारलं "टोपीवालेच कशावरून?" म्हणून, दगडमाती, तुम्ही आता जबाबदार.

तर त्रिशुंड, कसबा, शनिवारवाडा, नानावाडा, दगडूशेठ, तुळशीबागेत मिसळ, विश्रामबाग, केळकर, मस्तानी, रात्री श्रेयस. मुलगी नाराज आहे, भूत कोणीच धड सांगितलं नाही म्हणते. शेवटचा प्रश्न, सामानाचं काय करू? लॉज सकाळी सोडायचा आहे आणि आपटे रोडवरून स्टेशन गाठायचं आहे.

दगडमाती

टोप्यांवरून आणि पेहरावावरून. बाबांना म्हणावं समोर उभे राहून ठरवा आणि पटलं नाही तर इथे येऊन लिहा, मला आवडेल.

मुलीला सांगा, ज्यांचं भूत म्हणतात त्या नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, गारदी (वाड्यावरचे भाडोत्री शिपाई) मागे लागल्यावर काकाच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या, कमरेला मिठी मारली असं सांगतात. चौकशी करून काकालाच दोषी ठरवणारा न्यायाधीश पण त्याच गावात होता, रामशास्त्री. "काका मला वाचवा" एवढंच रीलमध्ये असतं, पुढचं नसतं.

फोडणीचा_भात

सामान सकाळीच पुणे स्टेशनच्या क्लोकरूमला टाका, बॅगांना कुलूप लागतं आणि रात्रीचं तिकीट दाखवावं लागतं, लहान कुलपं आधीच घेऊन ठेवा. जेवण साडेसातला सुरू करा म्हणजे नऊच्या आत उठाल. आपटे रोडहून रिक्षाने डेक्कन मेट्रो स्टेशन, तिथून वनाज-रामवाडी लाइनने थेट पुणे स्टेशन, मधे बदलायचं नाही. गाडी किती वाजताची आहे ते मात्र तुम्ही सांगितलंच नाही. दहाच्या आधीची असेल तर श्रेयस सोडा आणि दुर्वांकुरला सातलाच जाऊन बसा.

पेठेतला_भोचक

आणि ठेचा जास्तीचा आणा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.